गच्ची, बाल्कनी, अंगण: मोकळ्या जागेसाठी वस्तू कोणत्या क्रमाने निवडायच्या

बहुतेकांची सुरुवात दिव्यांच्या माळेने किंवा रंगीत उशांनी होते. जागा दोन-चार संध्याकाळी सुरेख दिसते. मग उशांना ओलसर वास यायला लागतो, छत्री वाऱ्याने कलंडते, दुपारी खुर्चीला हात लावता येत नाही आणि हळूहळू त्या जागेचं दार बंदच राहतं. घेतलेल्या वस्तू वाईट नसतात. त्या फक्त उलट्या क्रमाने घेतलेल्या असतात.

खोलीतली वस्तू आपण डोळ्यांनी निवडतो. बाहेर मात्र आधी ऊन, पाणी आणि वारा यांचा हिशेब मांडावा लागतो, डोळ्यांची पाळी त्यानंतर येते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. सावली ठरल्याशिवाय कापड ठरत नाही, जमीन ठरल्याशिवाय खुर्चीची उंची ठरत नाही. जिथून बहुतेक जण सुरुवात करतात, त्या शोभेच्या वस्तू इथे अगदी शेवटी येतात.

## टप्पा १: पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नका

या आठवड्यात लागतात फक्त मोजपट्टी, खडू, एक वही आणि बादलीभर पाणी.

ऊन. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावलीची कड जमिनीवर खडूने आखा आणि बाजूला वेळ लिहा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. दिवस संपला की कोणता कोपरा किती तास तापतो ते जमिनीवरच लिहिलेलं दिसेल. पश्चिमेच्या उन्हाकडे विशेष लक्ष द्या. ते तिरपं येतं, त्यामुळे डोक्यावरचं छत किंवा छत्री ते अडवू शकत नाही, त्याला उभा आडोसाच लागतो. मोठी छत्री घेऊनही संध्याकाळी डोळ्यांवर ऊन येतंच, अशी तक्रार ऐकली की मला आधी दिशा विचाराविशी वाटते. आणखी एक गोष्ट: सूर्याची वाट ऋतूंप्रमाणे सरकते. थंडीत केलेली नोंद उन्हाळ्यात पुन्हा पडताळून पाहा.

वारा. रेलिंगला आणि दोन्ही कोपऱ्यांत हातभर लांबीच्या कापडी पट्ट्या बांधा. कोणती पट्टी सतत फडफडते आणि कोणती लोंबत राहते ते दोन-तीन दिवस पाहा. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा जोर जास्त असतो. हलकं फर्निचर, पडदे, छत्री यांबद्दलचे सगळे निर्णय या पट्ट्यांवरून घ्यायचे आहेत.

पाणी. बादलीभर पाणी जमिनीवर ओता आणि पंधरा मिनिटांनी कुठे साचलंय ते खडूने आखा. चांगल्या जमिनीला पाण्याच्या जाळीकडे मीटरमागे साधारण १ ते २ सेंमी उतार असतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन कुठपर्यंत भिजली तेही आखून ठेवा. ही ओली रेघ फार कामाची आहे. तिच्या आतल्या बाजूला एक प्रकारच्या वस्तू लागतात आणि बाहेरच्या बाजूला दुसऱ्याच.

मापं. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. दार किती अंशात उघडतं, उंबरठ्याची उंची, रेलिंगची उंची, जाळी कुठे आहे, प्लग आणि नळ कुठे आहेत, एसीचं बाहेरचं युनिट गरम हवा कोणत्या दिशेला फेकतं, हे मात्र मोजायचं राहतं. जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजा. वर न जाणारा सोफा तळमजल्यावरून परत पाठवावा लागतो.

वजन. बाल्कनी आणि गच्चीसाठी हा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बागेची ओली माती लिटरमागे दीड ते दोन किलो भरते. म्हणजे ४० लिटरची कुंडी पाणी घातल्यावर एखाद्या धडधाकट माणसाइतकी, ६० ते ८० किलोंची होते. अशा दहा कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला ठेवणं म्हणजे दहा माणसं रात्रंदिवस तिथे उभी करणं. जड वस्तू नेहमी घराच्या भिंतीलगत किंवा खाली तुळई असेल तिथे ठेवा. मातीच्या जागी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांचं हलकं मिश्रण वापरलं की वजन बरंच कमी होतं. दगडी बाक, पाण्याची टाकी, मोठं झाड असा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

> इशारा: पाणी साचत असेल किंवा खालच्या छताला ओल असेल तर इथेच थांबा. आधी उतार आणि वॉटरप्रूफिंग दुरुस्त करून घ्या. वर डेक किंवा गालिचा टाकल्यावर ही दुरुस्ती दुप्पट त्रासाची होते.

> तपासा: तुमच्या वहीत चार उत्तरं आहेत का? सगळ्यांत तापणारा कोपरा, सगळ्यांत वाऱ्याचा कोपरा, ओली रेघ, आणि जड वस्तू ठेवता येतील अशी जागा.

## टप्पा २: जागेला एक मुख्य काम द्या

"बसायला, जेवायला, व्यायामाला, मुलांना खेळायला आणि झाडांसाठी" असं उत्तर असेल तर छोट्या जागेत यातलं एकही नीट होणार नाही. एक मुख्य काम आणि एक दुय्यम काम ठरवा. त्या दोन कामांना न लागणारी वस्तू कितीही आवडली तरी यादीत येऊ नये.

कपडे वाळत घालण्याचं काम तिथेच होत असेल तर ते प्रामाणिकपणे कागदावर मांडा. ते विसरून केलेली सजावट पहिल्याच धुण्याला मोडते, कारण ओल्या चादरी सोफ्याच्या डोक्यावर टपकायला लागतात. कप्पीने वर ओढायचा किंवा भिंतीला मिटणारा स्टँड आधीच आराखड्यात धरा.

मग फर्निचर घेण्याआधी ते जमिनीवर वर्तमानपत्रांनी मांडा. जेवढं टेबल, तेवढा कागद. दोन दिवस त्याच्या भोवतीने वावरा. हाताशी ठेवायची मापं अशी:

- चालायची वाट: ७५ ते ९० सेंमी
- खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून: ६० ते ७५ सेंमी, मागून कुणी जाणार असेल तर ९० सेंमीहून जास्त
- टेबलाशी एका माणसाला लागणारी कड: ६० सेंमी
- जेवणाचं टेबल: ७२ ते ७५ सेंमी उंच, त्याच्या खुर्चीची बैठक ४२ ते ४५ सेंमी
- आरामात रेलून बसायची बैठक: गादीसकट ३५ ते ४० सेंमी, बाजूचं छोटं टेबल तेवढंच किंवा किंचित कमी उंच

बैठक आणि जेवणाच्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २८ ते ३० सेंमी अंतर हवं. खोलगट सोफा आणि जेवणाचं टेबल एकत्र आणलं की हे अंतर बिघडतं आणि जेवताना खांदे वर चढतात. एकाच बैठकीवर दोन्ही कामं करायची असतील तर मी जेवणाची उंची निवडेन. उंच खुर्चीत पाठीमागे उशी घेऊन आराम करता येतो. खोल सोफ्यात ताठ बसून जेवता मात्र येत नाही.

## टप्पा ३: सावली आणि आडोसा

डोक्यावरून येणाऱ्या उन्हाला छत्री किंवा शेड सेल, म्हणजे कोपऱ्यांतून ताणून बांधलेलं सावलीचं कापड. तिरप्या उन्हाला गुंडाळता येणारी चिक, रोलर पडदा किंवा जाळीवर चढवलेला वेल. ही निवड पहिल्या टप्प्यातल्या खडूच्या रेघांवरून करा, दुकानातल्या मांडणीवरून नको.

छत्री. छत्रीचा घेर टेबलाच्या कडेपलीकडे सगळ्या बाजूंनी निदान ६० सेंमी जायला हवा. दीड मीटरच्या टेबलाला म्हणून २.७ मीटरची छत्री लागते. खरी चूक होते ती छत्रीच्या पायाच्या, म्हणजे खालच्या बैठकीच्या, वजनात. टेबलाच्या मधून जाणाऱ्या २.७ मीटर छत्रीलाही साधारण २५ किलोंची बैठक लागते. टेबलाशिवाय उभ्या छत्रीला ४० किलोंच्या आसपास धरा. बाजूच्या खांबावरून लटकणाऱ्या छत्रीला याहून कितीतरी जास्त वजन लागतं, ते बनवणाऱ्याच्या सूचनेबरहुकूमच घ्या. माथ्यावर हवा निसटायला झडप असलेली छत्री निवडा.

> इशारा: उघडी छत्री सोडून आत जाऊ नका, वारा पडलेला असला तरी. वरच्या मजल्यांच्या बाल्कनीत तर छत्री नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून उडालेली वस्तू खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

शेड सेल. यात दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. विणलेल्या एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) जाळीतून हवा जाते, गारवा राहतो, पण पाऊस गळतो. जलरोधक कापड पाऊस अडवतं, पण ते सपाट बांधलं तर मधे पाण्याचा फुगा तयार होतो आणि त्याच्या वजनाने हुक उपटतात. जलरोधक सेलचा एक किंवा दोन कोपरे ठळकपणे खाली घ्या आणि पाणी कुठे उतरणार ते आधी ठरवा. हुक काँक्रीटमध्ये किंवा तुळईतच बसवा. प्लास्टर, पाइप आणि रेलिंग हे आधार नव्हेत. ताण वाढवता-कमी करता यावा म्हणून एका टोकाला टर्नबकल (फिरवून आवळायचा स्क्रूचा जोड) लावा. कापड काही आठवड्यांनी सैल पडतंच.

चिक आणि पडदे. खालच्या टोकाला बांधायची सोय नसेल तर रात्रभर रेलिंगवर आपटण्याचा आवाज ऐकत बसावं लागतं. खाली दोन हुक आणि दोरी, एवढं पुरतं.

> तपासा: दुपारी ४ वाजता, जिथे बसणार आहात तिथे प्रत्यक्ष बसा आणि कुणाला तरी चादर धरायला सांगा. चादरीची सावली चेहऱ्यावर पडते, तिथेच आडोसा लावायचा.

## टप्पा ४: पायाखाली काय

ओल्या पायाने घसरणार नाही अशी जमीन ही पहिली अट. टाइल्सवर आर ९ ते आर १३ अशी घसरणरोधाची प्रत असते. उघड्यावर आर ११ किंवा त्याच्या वरची घ्या. नमुन्याची टाइल मिळाली तर ती भिजवून तिच्यावर अनवाणी पाय सरकवून पाहा.

एकमेकांत अडकणाऱ्या डेक टाइल्स सोप्या आहेत, काढून खालचं धुता येतं आणि भाड्याच्या घरातही चालतात. पण त्यांनी जमीन दोन-तीन सेंमी वर येते. त्याचे तीन परिणाम घेण्याआधी पाहा: दार घासेल का, पावसाचं पाणी उंबरठा ओलांडेल का, आणि रेलिंगची उपयोगी उंची तेवढीच कमी होऊन ती असुरक्षित होईल का. जाळीच्या वरची टाइल सहज उचलता येईल अशीच बसवा, कारण पाला तिथेच अडकतो. कृत्रिम हिरवळ भर उन्हात तळपायाला चटके बसतील इतकी तापते. ती सावलीच्या पट्ट्यातच बरी.

गालिचा घ्यायचा तर पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्लास्टिकचा धागा), पाठीमागे रबराचा थर नसलेला. निदान खुर्च्या-सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील एवढा मोठा असावा. मधे एकटा पडलेला छोटा गालिचा जागा आणखी लहान दाखवतो. आणि तो उचलत राहा. मी एकदा पावसाच्या दिवसांत सहा आठवडे गालिचा हलवलाच नाही. उचलला तेव्हा टाइल्सवर त्याच्या आकाराचा तपकिरी डाग उमटलेला होता, तो किती घासलं तरी पूर्ण गेला नाही. पंधरा दिवसांतून एकदा रेलिंगवर टाकायचा, खालची जमीन कोरडी करायची, मग परत अंथरायचा.

## टप्पा ५: बसण्याची सोय

आता कुठे फर्निचर. साहित्य ओल्या रेघेवरून निवडा.

रेघेबाहेर, म्हणजे पावसात भिजणाऱ्या भागात, पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम सगळ्यांत बिनकटकटीचं. गंजत नाही, एका हाताने हलवता येतं. वाऱ्याच्या जागी मात्र हाच हलकेपणा नडतो. लोखंड जड असल्याने वाऱ्यात टिकून राहतं, पण रंगाला ओरखडा पडला की तिथून गंज धरतो. तो दिसताच घासून रंग लावायचा. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलची प्रत विचारा. ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेने डाग आणि गंज येतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ती खाऱ्या हवेला जास्त टिकते.

सागवान उघड्यावर ठेवलं की रुपेरी करडं होतं. हा रंगातला बदल आहे, लाकूड कुजल्याची खूण नव्हे. मूळ रंग हवा असेल तर ठरावीक काळाने तेल लावायची तयारी ठेवा. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला फळा) कितीही सुंदर रंगवलेलं असलं तरी बाहेर नको. कडेतून पाणी शिरलं की फुगतं. खरा वेत पूर्ण छपराखालीच टिकतो. वेतासारख्या दिसणाऱ्या विणकामात ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावरची एचडीपीई पट्टी निवडा. स्वस्त पीव्हीसी पट्टी उन्हाने कडक होऊन तडकते.

गडद रंगाचा धातू, दगड किंवा काच उन्हाच्या कोपऱ्यात ठेवू नका. दुपारनंतर उघड्या पोटरीला चटका बसतो, लहान मुलांना तर जास्तच.

दुकानात बसून पाहताना निदान दहा मिनिटं बसा. दोन मिनिटं सगळंच मऊ वाटतं. मग वस्तू उलटी करा, कारण खालची बाजू खरं सांगते: जोड वेल्ड केलेले आहेत की नुसते स्क्रूवर आहेत, स्क्रूंना आत्ताच गंजाचे ठिपके आहेत का, पायांच्या टोकांना टोप्या आहेत का. पोकळ पायांत पाणी शिरून साठतं. खाली ते निघून जायला भोक हवं.

> इशारा: झोपाळ्याची किंवा टांगत्या खुर्चीची कडी फॉल्स सीलिंगला किंवा प्लास्टरला लावू नका. झोके घेताना पडणारा ताण नुसतं बसल्यावर पडणाऱ्या वजनापेक्षा जास्त असतो. कडी स्लॅब किंवा तुळईत, योग्य अँकरने आणि जाणकाराकडूनच बसवून घ्या.

## टप्पा ६: कापड, गाद्या, उशा

सगळ्यांत जास्त पैसा इथेच वाया जातो, म्हणून इथे जरा थांबू.

रंग कसा टिकतो. बाहेरच्या वापरासाठी उत्तम मानलं जाणारं ॲक्रिलिक कापड असं असतं की धागा तयार होतानाच रंग त्यात मिसळलेला असतो. हळकुंड कुठेही मोडलं तरी आत पिवळंच, तसं. नुसत्या वरून रंगवलेल्या किंवा छापलेल्या कापडाचा रंग उन्हाने उडतो. दुकानात ओळखायची युक्ती: कापडाची उलटी बाजू पाहा आणि कडेचा एक सुटा धागा पिळा उलगडून बघा. आत पांढरं दिसलं तर रंग वरवरचा आहे. पॉलिप्रॉपिलीन (ओलेफिन) लवकर वाळतं आणि डाग धरत नाही, पण उष्णता सोसत नाही, त्यामुळे त्याला इस्त्री आणि शेगडीपासून लांब ठेवा. साधं पॉलिएस्टर सावलीत ठीक. सुती कापड फक्त रोज आत नेणार असाल तर.

जलरोधक या शब्दावर भुलू नका. पाणी ओघळून जाणारं कापड आणि पाणी अजिबात आत न येऊ देणारं कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावरचा लेप काही काळाने झिजतो. दुसऱ्यात पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतंच, आणि मग त्याच न गळणाऱ्या कापडामुळे बाहेर पडत नाही. आत बुरशी धरते. म्हणून दुकानात "भिजेल का?" याऐवजी "किती वेळात वाळेल?" असं विचारा.

आतला फोम. साधा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. बाहेरसाठी मोठ्या छिद्रांचा, लवकर वाळणारा फोम मिळतो. नमुन्यावर पेलाभर पाणी ओतायला सांगा. खालून लगेच गळायला हवं. खालची बाजू जाळीच्या कापडाची असेल तर उत्तमच. अभ्रा चेनने निघणारा आणि गादी बैठकीला बांधायला बंद असलेली घ्या.

पावसात भिजलेली गादी सपाट वाळत घालू नका. चेनची बाजू खाली करून कडेवर उभी करा, पाणी वजनाने आपोआप खाली उतरतं.

किती उशा? एका फेरीत दोन्ही हातांत धरून आत नेता येतील तेवढ्या. आभाळ भरून आल्यावर चार फेऱ्या माराव्या लागत असतील तर तिसऱ्या वेळी तुम्ही उशा बाहेरच सोडणार.

रंगांबद्दल एवढंच: तीन रंग पुरेत. त्यातला एक दारातून दिसणाऱ्या आतल्या खोलीतून उचला, म्हणजे बाहेरची जागा घराचाच भाग वाटते. मोठ्या गाद्या शांत रंगाच्या घ्या. गडद आणि नक्षीचा हट्ट छोट्या उशांवर पुरवा, त्या बदलणं सोपं.

> तपासा: गाद्या ठेवायची पेटी घेतली आहे का? तिला हवेची भोकं हवीत, ती जमिनीपासून थोडी उचललेली हवी आणि तिच्यात फक्त कोरड्या गाद्या जायला हव्यात. ओली गादी पेटीत बंद केली तर दोन दिवसांत वास धरते.

## टप्पा ७: दिवे आणि वीज

दिव्याच्या खोक्यावर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. छपराखाली, फक्त शिंतोडे येतील तिथे आयपी ४४ चालतो. थेट पावसात आयपी ६५. पाणी साचून दिवा बुडू शकेल अशा जागी आयपी ६७. आकडा नसलेला दिवा घरातला समजा.

उजेडाचा रंग २७०० केल्विनच्या (केल्विन हे रंगछटेचं माप) आसपासचा पिवळसर घ्या. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड डोळ्यांना बोचतो आणि निळसर प्रकाशाकडे किडेही जास्त ओढले जातात.

छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावण्याची चूक टाळा. त्याने चेहऱ्यांवर सावल्या पडतात आणि बाहेरचा अंधार आणखी काळा दिसतो. त्यापेक्षा मंद दिवे तीन ठिकाणी लावा: पायरीच्या किंवा उंबरठ्याच्या कडेला, टेबलाजवळ, आणि मागच्या भिंतीवर किंवा एखाद्या झाडावर. बसल्यावर बल्ब थेट डोळ्यांना दिसत असेल तर तो खाली घ्या किंवा झाका. शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जातो का, तेही त्यांच्या बाजूने एकदा पाहून या.

सौर दिव्याच्या पट्टीवर थेट ऊन पडायलाच हवं. सावलीच्या बाल्कनीत तो तासाभरात विझतो. पहिल्या टप्प्यातली ऊन-सावलीची नोंद इथे पुन्हा उघडा. लांब अंतरावर माळ लावायची तर आधी तारेचा दोर ताणून त्याला माळ बांधा. माळेच्या वायरवरच तिचा भार टाकला तर जोड सुटतात.

> इशारा: घरातली एक्स्टेंशन वायर बाहेर कायमची लावू नका. बाहेरचा सॉकेट झाकणाचा असावा आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. शक्य तिथे १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे निवडा आणि त्यांचा ॲडॉप्टर कोरड्या जागी ठेवा.

पंखा लावणार असाल तर तोही दमट जागेसाठी बनवलेला घ्या. डास फार ताकदीने उडत नाहीत, पंख्याच्या झोतात त्यांना टिकता येत नाही. त्यामुळे पंख्याने उकाड्याबरोबर डासांचाही त्रास कमी होतो.

## टप्पा ८: कुंड्या

पंधरा लहान कुंड्यांपेक्षा पाच मोठ्या बऱ्या. लहान कुंडी उन्हात एका दिवसात सुकते. मोठीत ओल टिकते आणि जागाही नीटस दिसते. वजनाचं गणित मात्र आधी केलेलं असावं.

तळाला भोक असलेलीच कुंडी घ्या. खाली खडी भरली की निचरा सुधारतो ही समजूत चुकीची आहे. पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा आणि वर सगळी मोकळी माती, हेच योग्य. कुंडीखाली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे पाय किंवा ठोकळे ठेवा, म्हणजे भोक बुजत नाही आणि टाइलवर गोल डाग पडत नाही. ताटलीतलं पाणी आठवड्यातून निदान एकदा ओतून टाका. डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

> इशारा: रेलिंगवरच्या कुंड्या आतल्या बाजूला टांगा, बाहेर नको. घरात लहान मूल असेल तर रेलिंगजवळ मोठी कुंडी, स्टूल, पेटी असं काहीही ठेवू नका. मुलं त्यावर चढतात.

## टप्पा ९: शोभेच्या वस्तू

आता दोन आठवडे जागा नुसती वापरा. मगच कुठे काही कमी वाटतंय ते कळतं, आणि बऱ्याचदा वाटतच नाही. नजर पहिल्यांदा पडते अशा एकाच ठिकाणी एक ठसठशीत वस्तू ठेवा: मोठी कुंडी, भिंतीवरची कोरीव जाळी, एखादा मोठा कंदील. आरसा लावायचा तर तो ऊन परावर्तित करून कुणाच्या डोळ्यांत किंवा कापडावर टाकत नाही ना, ते पाहा. आकाश दिसणाऱ्या आरशावर पक्षीही आपटतात. मेणबत्ती उंच काचेतच आणि पडद्यापासून दूर. वाऱ्याने किणकिणणारी घंटा रात्री शेजाऱ्यांची झोप मोडते, म्हणून ती सहज उतरवता येईल अशी टांगा.

## टप्पा १०: झाकणं आणि वादळाची तयारी

फर्निचरची आच्छादनं हवा खेळणारी घ्या आणि ओल्या फर्निचरवर कधीच घालू नका. महिन्यातून एकदा पाण्याची जाळी, हुक, टर्नबकल आणि खुर्च्यांचे स्क्रू तपासा. सैल आणि गंजलेलं तेव्हाच हाताला लागतं.

जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तेव्हा आवरायचा क्रम दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, म्हणजे घरातलं कुणीही ते करू शकेल. आधी छत्री मिटून आडवी करायची. मग शेड सेल उतरवायचं, चिक गुंडाळून बांधायची. त्यानंतर टांगलेल्या कुंड्या आणि कंदील खाली घ्यायचे, हलक्या खुर्च्या एकात एक रचून भिंतीशी बांधायच्या, उशा आत न्यायच्या. बाहेरच्या लाइनचा स्विच बंद करायचा. आणि सगळ्यांत शेवटी जाळीवरचा पाला काढायचा, कारण आधीची सगळी हलवाहलव करताना तो पुन्हा तिथेच जमा झालेला असतो.